वाड्यातील पेटी आणि क्विटोचा आवाज

अमरावतीहून अकोल्यास निघावयाचे म्हणजे बहुधा बडनेऱ्यास गाडी बदलावी लागते, आणि ते आम्हा वऱ्हाडवासीयांच्या अंगवळणी पडलेले आहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही असेच निघालो. दोहों बाजूंस काळीभोर जमीन आणि वेचणीस आलेली कपाशी. मूर्तिजापूर मागे पडले, की उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आठवतो, जेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. प्रवासाचे कारण मात्र सुखाचे नव्हते. अकोल्याचा वडिलोपार्जित वाडा पाडावयाचे भावंडांत ठरले होते, व भांड्याकुंड्यांची वाटणी व्हावयाची होती. वाटणीत आम्ही थोरल्या काकांची पत्र्याची पेटी तेवढी मागून घेतली. ती कोणास नकोच होती.

पेटीत होती कार्डे. काकांस लघुलहरींवरील दूरदेशीची केंद्रे ऐकण्याचा छंद होता. त्या काळी रेडिओस पोस्टातून परवाना काढावा लागे. तो काढून त्यांनी माळवदावर तार ताणली होती. एखादे केंद्र लागले, की वेळ, लहरलांबी व आवाजाची स्पष्टता वहीत टिपून ते त्या केंद्रास कळवीत, आणि केंद्र पोचपावतीचे सचित्र कार्ड धाडी. 1966 साली असे एक कार्ड दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या राजधानीहून, क्विटोहून आले. टपालवाल्याने ते नेमके आजोबांच्या हाती दिले. केंद्र मिशनऱ्यांचे आहे हे त्यांनी वाचले, आणि दोन दिवस ते काकांशी बोलले नाहीत.

आजोबांचा हा अबोला समजण्यास अकोल्याचा थोडा इतिहास ठाऊक हवा. अमेरिकेतील ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेचे लोक 1887 च्या सुमारास वऱ्हाडात आले व अकोला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. मराठी शिकून ते दमणीतून गावोगाव हिंडत. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, मिशनने अनाथ मुलांस आसरा दिला. मुलगे अकोल्यास, मुली खामगावास. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. आमच्या मूळ गावचा एक मुलगा त्या आवारात गेला व जगला. पण पुढे तो गावी भेटीस आला तेव्हा त्यास कोणी ओटीवरही घेतले नाही. ‘मिशन’ हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारला जाई, त्याचे मूळ हे.

क्विटोचा या अकोल्याशी संबंध आहे, हे काकांस बहुधा माहीत नसावे. ते केंद्र काढणाऱ्या दोघांपैकी रूबेन लार्सन हे याच अलायन्सचे इक्वेडोरमधील मिशनरी होते. दुसरे क्लॅरेन्स जोन्स हे ट्रोम्बोन हे पितळी वाद्य वाजवणारे वादक. विषुववृत्ताजवळ, त्यातही डोंगरात, रेडिओ चालावयाचा नाही असा जाणत्यांचा सल्ला होता. तो बाजूस सारून 25 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी पहिला कार्यक्रम केला. प्रक्षेपकाची शक्ती अवघी 250 वॅट. आपल्या घरातील तीन-चार पंख्यांस लागते तेवढी वीज!

पुढे शक्ती वाढली आणि निराळेच संकट उभे राहिले. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे 9,300 फूट उंच आहे, व तेथील हवा विरळ. एरियलच्या दांड्यांच्या टोकांशी विद्युद्भार साचून ठिणग्या उडत व धातू वितळू लागे. क्लॅरेन्स मूर नावाचे अभियंते तेथे मिशनरी होते. दांडीस टोकच नसले तर भार निसटेल कोठून, असा विचार करून त्यांनी 1942 च्या सुमारास तारेचा चौकोन जोडून बंद वेढा केला. हौशी रेडिओवाले जगभर ती रचना आजही वापरतात. आम्हास या गृहस्थांच्या प्रवचनांपेक्षा हा चौकोन अधिक आवडतो, हे कबूल केले पाहिजे.

मात्र वऱ्हाडातील मिशनरी आणि क्विटोचा मिशनरी यांच्या आयुष्यात मोठे अंतर होते. दमणीतून उतरणाऱ्यास ऐकणाराचे तोंड दिसे. कोणी वाद घातला तर तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागे. कोणी उठून गेला तर तेही दिसे. खारे पाणी त्यासही प्यावे लागे. क्विटोचा गृहस्थ बंद खोलीत बोले. ऐकणारा मान हलवतो की खुंटी पिळून सिलोनचे गाणे लावतो, हे त्यास कधीच कळत नसे. पत्र आले तरच कळे. काकांचे पत्र तेथे पोचले तेव्हा कोणीतरी नकाशात अकोला शोधले असेल काय, असे कार्ड हातात धरून आमच्या मनात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातास आजोबा आपण होऊन रेडिओपाशी येऊन बसले. “लाव रे तुझे ते केंद्र,” ते काकांस म्हणाले. खरखरीतून इंग्रजी बोलणे व मधूनच वाद्य ऐकू आले.

“तिकडे आता किती वाजले असतील?”

“काल रात्रीचे साडेआठ, नाना.”

आजोबा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “तो पोर जगला, ते त्यांच्यामुळे. आपल्या वाड्यात त्या साली धान्य नव्हते असे नाही.”

काकांनी रेडिओ बंद केला नाही. आजी देवघरातून सर्व ऐकत होती, पण तिनेही त्या दिवशी स्नानाची आठवण करून दिली नाही.

क्विटोजवळच्या पिफो येथील लघुलहरींचे मनोरे नव्या विमानतळाच्या आड येत होते, म्हणून 2009 साली तेथील प्रक्षेपण बंद झाले. काका त्याआधीच गेले होते. परतीच्या गाडीत आम्ही त्यांची वही उघडली. क्विटोच्या शेवटच्या नोंदीपुढे त्यांच्या बारीक अक्षरात एवढेच लिहिले आहे: “आवाज क्षीण. मजकूर समजला.”