परतीची तार

गेल्या मे महिन्यांतील एका मंगळवारीं सकाळीं दहाच्या सुमारास आमच्या घरच्या वातानुकूलक यंत्रानें, ज्यास हल्लीं घरोघर ‘एसी’ या दोनच अक्षरांनीं ओळखतात, आमच्याशीं पूर्ण असहकार पुकारला. कळ दाबली तरी दिवा लागेना, पंखा हलेना, नेहमींची ती बारीक शीळहि ऐकूं येईना. असहकाराचा ठराव डिसेंबर १९२० मध्यें राष्ट्रसभेनें याच नागपुरांत कायम केला होता. तेव्हां यंत्राच्या वर्तनास स्थानिक परंपरेचा आधार नव्हता असें म्हणवत नाहीं. परंतु नागपूरचा मे महिना विनोदास फार वेळ देत नाहीं. पारा ४५ अंशांकडे निघालेला, आणि ज्या खोलींतील यंत्र बंद पडलें त्या खोलींत आमच्या ८४ वर्षांच्या मातोश्री.

हें यंत्र त्यांच्या मनाविरुद्धच घरांत आलें होतें. त्यांचे सारे उन्हाळे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून गेलेले; दारेंखिडक्या लावून हवा कोंडून ठेवणें त्यांस मुळींच पसंत नव्हतें. आम्हीं एकदां त्यांस सांगितलें होतें कीं, १९०२ सालीं विलिस कॅरियर या अमेरिकन एंजिनियरानें अशा यंत्राची योजना आंखली ती माणसांकरितां नव्हेच. ब्रुकलीन येथील एका छापखान्यांत दमट हवेमुळें कागद फुगे नि आकसे, त्यावर तो उपाय होता. “मग तुझ्या पुस्तकांच्याच खोलींत लाव कीं,” त्या म्हणाल्या. पुढें डॉक्टरांनींच आग्रह धरला म्हणून तें त्यांच्या खोलींत लागलें.

दुरुस्ती करणाऱ्या मुलास फोन केला. चार वाजण्यापूर्वीं येणें होणार नाहीं, असें तो म्हणाला. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं दोष आपणच हुडकून काढावा. पंचविसांवर वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. त्यांत बेकन येतो, आणि बेकन आला म्हणजे पुराव्यावांचून अनुमान करूं नये हा उपदेशहि येतो. याच बेकननें मांस बर्फांत टिकतें कीं काय हें पाहण्यासाठीं कोंबडीच्या पोटांत हिम भरलें आणि त्याच थंडीनें तो १६२६ सालीं मरण पावला, अशी कथा ऑब्रेनें लिहून ठेविली आहे. शैत्याच्या शास्त्राशीं आमचा संबंध एवढाच; पण तेवढ्यावर आम्ही स्टुलावर चढलों.

प्रथम रिमोट. त्यांतील सेल बदलले. त्याचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली असतां पुष्कळदां जांभळट ठिणगी चमकते. ती चमकली, रिमोट निर्दोष ठरला. मग यंत्राचें झांकण उघडून आंतील हातानें दाबावयाचें बटण दाबलें. कांहीं नाहीं. जिन्याखालच्या पेटींतील खटका पाहिला. वीज फाजील वाहिली कीं तो आपोआप पडतो. तो ताठ उभा होता. राहिला तो पडद्यामागचा स्टॅबिलायझर. त्याचा दिवा विझलेला! आतां भिंतीवरच्या सॉकेटांत वीज येते कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें होतें. टेस्टर आंत घातला, त्यांतील इवला दिवा झळकला, आणि आमचा आनंद गगनांत मावेना. सॉकेटांत वीज आहे. स्टॅबिलायझरांत ती दिसत नाहीं. तस्मात् स्टॅबिलायझर गेला. एवढें निर्दोष अनुमान आम्हीं वर्गांतहि क्वचितच केलें असेल.

सॉकेटाचें बटण बंद करून आम्हीं प्लग उपसला. त्याचा एक पितळी पाय किंचित् काळवंडलेला होता. तो आम्हीं पाहिला, धूळ समजून धोतराच्या जुन्या फडक्यानें नीट पुसला, आणि स्टॅबिलायझर स्कूटरवर घालून सीताबर्डीस निघालों. निघतांना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ऊन किती आहे! तें राहूं द्या. आधीं आईंना बाहेरच्या खोलींत आणूं या.” आम्हीं उत्तर केलें, “अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.”

दुकानदारानें स्टॅबिलायझर आपल्या प्लगेत लावला. दिवा तत्काळ लागला. त्यानें आमच्याकडे पाहिलें व दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्हीं तें ओझें पुन्हां उचललें. घरीं पोंचलों तेव्हां एक वाजून गेला होता.

मातोश्री बाहेरच्या खोलींत दिवाणावर होत्या. माळ्यावरचा जुना कूलर शेजारच्या मुलाकडून उतरवून सौभाग्यवतींनीं खिडकींत लावला होता, त्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतें, आणि त्या मातोश्रींच्या कपाळावर, मानेवर ओल्या कापडाच्या घड्या ठेवीत होत्या. मातोश्रींची जीभ कोरडी पडली होती. हाक मारली तर ओ द्यावयास वेळ लागत होता. सकाळपासून त्यांनीं पाणी मागितलें नव्हतें आणि कोणी दिलेंहि नव्हतें. आम्ही त्याच खोलींत दोन तास वावरलों होतों. स्टुलावर चढण्यासाठीं त्यांच्या खाटेस वळसाहि घातला होता. यंत्राचा एकेक अवयव तपासला होता. त्यांच्या तोंडाकडे मात्र आम्हीं एकदांहि पाहिलें नव्हतें. शेजारचे डॉक्टर येऊन गेले. वेळेवर हलविलें हें बरें झालें, एवढें ते सौभाग्यवतींस म्हणाले. आमच्याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, किंवा आम्हांस तसें वाटलें. आम्ही घोटघोट पन्हें पाजीत बसलों. तीनच्या सुमारास मातोश्रींनीं विचारलें, “तूं जेवलास का रे?”

चारचा वायदा करणारा मुलगा साडेपांचास आला. कुठल्याशा गच्चीवर उन्हांत बसून त्यानें दिवस काढला होता, हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. आमचा सर्व तर्क त्यानें शांतपणें ऐकून घेतला, आणि पिशवींतून होल्डरमध्यें बसविलेला एक साधा बल्ब काढला. त्याच्या दोन तारा सॉकेटाच्या दोन छिद्रांत घातल्या. बल्ब लागला नाहीं. एक तार तशीच ठेवून दुसरी शेजारच्या सॉकेटांत घातली, बल्ब लागला.

“फेज आहे सर, न्यूट्रल गेला.”

आमच्या टेस्टरनें खोटें सांगितलें नव्हतें. येणाऱ्या तारेंत वीज उभी आहे, एवढीच त्याची साक्ष. ती परत जाण्याची तार शाबूत आहे कीं नाहीं याविषयीं तो बोलतच नाहीं. आणि परतीची वाट नसेल तर वीज वाहत नाहीं, ती वाहत नसेल तर पेटींतला खटका तरी कशास पडेल? सॉकेट उघडलें तों मागील एक स्क्रू ढिला होऊन तार जळून कोळसा झालेली. दीड टनाचें यंत्र सात-आठ अँपियर वीज ओढतें. जोड सैल असेल तर तेथें उष्णता सांचते, आणि ती विजेच्या प्रमाणांत नव्हे तर तिच्या वर्गाच्या प्रमाणांत, हा जूलचा नियम आम्हीं शाळेंत घोकला होता. थंडावा देणारें यंत्र एका ढिल्या स्क्रूच्या उष्णतेनें बंद पडलें होतें. प्लगाच्या ज्या पायाचा काळिमा आम्हीं पुसला, तो त्याच तारेच्या बाजूचा.

त्या मुलानें जळका भाग कापून नवें सॉकेट व नवा प्लग बसविला. वीस मिनिटांचें काम. पाणी मात्र तो तीन पेले प्यायला.

यंत्र तेव्हांपासून विनातक्रार चाललें आहे. मातोश्रींची खाट आम्हीं दुसऱ्या दिवशीं त्या खोलींत नेण्याची व्यवस्था केली. त्या गेल्या नाहींत. बाहेर वाळ्याचा वास येतो, म्हणाल्या, आणि येणारेंजाणारें माणूस दिसतें. हल्लीं त्या थंड खोलींत आम्ही उत्तरपत्रिका तपासतों.