मी अल्प उत्पन्न गटात बसतो

सॉफ्टवेअरमधल्या पगारावरसुद्धा मी ‘अल्प उत्पन्न गटा’त बसतो, हे मला ताईसाठी एक्सेल शीट करताना कळलं. सिडकोच्या २०२४च्या ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ योजनेत वर्षाला ६ लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’, त्यापुढचं सगळं ‘अल्प’. वरची मर्यादाच नाही. ताई, माझी मावसबहीण, लॅब टेक्निशियन आहे. भावोजी कुरियरच्या गोदामात. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार येतात. म्हणजे ती, मी आणि माझा टीम लीड (त्याचंही अजून घर नाही), तिघं एकाच रांगेत.

योजनेची कल्पना मला मनापासून आवडते. मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांलगत, पनवेलच्या बस टर्मिनसवर, वाशीच्या ट्रक टर्मिनलवर घरं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला घर नेमकं अशा ठिकाणी हवं. ताईची ड्युटी सकाळी सातला सुरू होते. स्टेशन पाच मिनिटांवर असेल तर लेकीला उठवून, तिची वेणी घालून निघता येतं. रिक्षाची रांग मध्ये आली की मूल झोपेत असतानाच दार ओढून घ्यायचं.

जानेवारी २०२५ मध्ये दर जाहीर झाले. अल्प उत्पन्न गटाचं घर वाशीत ७४.१ लाख, खांदेश्वरला ४६.७, मानसरोवरला ४१.९. दहा टक्के पदरचे घालून उरलेल्याचं २० वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरलं. वाशीचा हप्ता ५८ हजारांच्या आसपास आला, मानसरोवरचा पावणेतेहतीस हजार. घरात येतात ६२.

“सरकार व्याजात मदत करतं ना?” ताईने विचारलं.

करतं. पंतप्रधान आवास योजना २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबाला पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान आहे. जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वर्षांत विभागून. अट अडली: घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. वरची तिन्ही घरं अटीबाहेर. एका सरकारी कागदावर हे अल्प उत्पन्नवाल्यांचं घर, दुसऱ्यावर मदत देण्याइतकं स्वस्त नाही. आमच्याकडे दोन टीम एकमेकांशी न बोलता कोड लिहितात तेव्हा असंच होतं, पण तिथे निदान टेस्ट फेल होते.

“मग तूच भर की अर्ज,” ताई हसत म्हणाली. “तुला झेपेल.” झेपलं असतं, ओढाताण करून. मी शीट बंद केली.

सिडकोला लोभी म्हणून मोकळं होता येत नाही. नवी मुंबईच्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. आणि सिडकोकडे पैसा येतो तो मुख्यतः जमीन विकून. स्टेशन जमिनीचा भाव वाढवतं, त्या भावातून पुढचं स्टेशन उभं राहतं. हे चक्र हुशार आहे. त्यानेच हे शहर उभं केलं. पण ते चालवायचं तर स्टेशनजवळची जागा चढ्या भावाने विकावी लागते. आणि व्याजाची मदत किमतीच्या मर्यादेला बांधलेली, त्यामुळे ती ताईसारख्यांना जमीन स्वस्त असेल तिकडे, म्हणजे लांब ढकलते.

माझं म्हणणं, स्टेशनालगतची काही घरं विकूच नयेत. सिडकोने मालकी स्वतःकडे ठेवावी, भाडं कुटुंबाच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाइतकं घ्यावं आणि तूट राज्याने भरून द्यावी. तूट मोठी येईल, मान्य. पण घर विकलं की सवलत पहिल्या मालकापाशीच संपते, पुढची विक्री बाजारभावानेच होते. भाड्याच्या घरात एक लॅब टेक्निशियन गेली की दुसरी येऊ शकते.