पूर्णेकाठी शहर का नाही? वरवट बकालहून निघालेली तीन दिवसांची वाट

१/
पूर्णा नदी मध्य प्रदेशात भैंसदेहीजवळ सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा हे जिल्हे ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. वऱ्हाडातील सर्वांत सुपीक काळी जमीन तिच्याच खोऱ्यात आहे. तरीही नकाशा नीट पाहिला, तर एक गोष्ट खटकते. वऱ्हाडातील एकही मोठे ऐतिहासिक शहर प्रत्यक्ष पूर्णेच्या काठावर नाही. अचलपूर सापन आणि बिच्छन या नद्यांपाशी आहे, अकोला मोर्णेच्या काठी, बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात, तर मलकापूर नळगंगेवर. मुख्य नदीचा काठ मोकळा आणि वैभव मात्र उपनद्यांकडे, असे का झाले असावे? एका जोडप्याच्या तीन दिवसांच्या प्रवासातून हा प्रश्न उलगडतो.

२/
२६ जानेवारी २०२४ हा दिवस शुक्रवारी आला आणि सलग तीन दिवसांची सुट्टी मिळाली. तो मूळचा वरवट बकालचा, नोकरीसाठी पुण्यात स्थिरावलेला. ती वाईची, शाळेत भूगोल शिकवणारी. कृष्णेचे घाट पाहत वाढलेल्या तिला लग्नानंतर सासरच्या गावाविषयी जे पहिले उत्तर मिळाले ते असे: "आमच्याकडे पाहण्यासारखं काही नाही." या खेपेस मात्र गावी येण्याला वेगळे कारण होते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि हजारो शेतकऱ्यांप्रमाणे त्याच्या वडिलांचेही नाल्याकाठचे चार एकर वावर पुराने खरडून नेले. वरची काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. आता त्या वावराला गिऱ्हाईक आले होते. विकायचे की ठेवायचे, हे रविवारी रात्रीपर्यंत सांगायचे होते.

३/
वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील बाजाराचे गाव. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि तेल्हारा यांकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात. तालुक्यात वरवट खंडेराव हेही एक गाव असल्याने 'बकाल' ही ओळख आवश्यक ठरते. आज मराठीत 'बकाल' म्हटले की अस्वच्छ, कळाहीन वस्ती डोळ्यांसमोर येते आणि बाहेरचे लोक गावाच्या नावाला हसतात. पण अरबीतून फारसीमार्गे आलेल्या 'बक्काल' या शब्दाचा जुना अर्थ आहे धान्य-किराणा विकणारा वाणी. जुन्या मराठीतही तो याच अर्थाने वापरात होता. चार रस्त्यांच्या बाजारगावाला वाण्याच्या व्यवसायाचे नाव चिकटावे, यात हसण्यासारखे काय आहे? तिने हा अर्थ सांगितला, तेव्हा सासऱ्यांनी तो शेजाऱ्यालाही ऐकवला.

४/
शुक्रवारी सकाळी ते शेगावच्या दिशेने निघाले. वाटेत पूर्णेचा पूल लागतो. पुलावरून दिसते ती खोल गेलेली नदी आणि दोन्ही अंगांना पावसाने चिरलेल्या मातीच्या घळी. येथे घाट बांधायला खडक नाही आणि पावसाळ्यात काळ्या चिखलातून गाडीवाट टिकत नाही. त्याहून मोठी अडचण जमिनीखाली आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा हा प्रदेश 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखला जातो. विहीर खणली तरी पाणी खारट लागते. अशा पाण्याने पीक धड येत नाही आणि वर्षानुवर्षे ते पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या आजारांची चिंता घरोघरी असते. पूर्वी याच खोऱ्यातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केले जात असे. इंग्रजी अमलात तो उद्योग बंद पडला. जेथे विहिरीतून मीठ निघते, तेथे फौजेचा तळ आणि हजारोंची पेठ कशी वसावी? तुलनेने गोडे पाणी आणि पक्की जमीन खोऱ्याच्या कडांना, उपनद्यांपाशी मिळे. शहरे त्या बाजूला सरकली, त्याचे एक मोठे कारण हे असावे.

५/
बाळापुरात हे उत्तर दगडात दिसते. दोन नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पुरे केले, असे सांगितले जाते. पण गावाचे महत्त्व त्याहून जुने आहे. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले आणि त्यानंतर अकबराचा मुलगा मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसवले. पुढे ऑगस्ट १७२० मध्ये निजामुल्मुल्काने याच परिसरात सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पराभव केला. त्या लढाईत आलमअली मारला गेला. चार वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिजखानालाही हरवले आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. म्हणजे त्या राज्याच्या जन्मकथेतील दोन निर्णायक लढाया वऱ्हाडच्या मातीत झाल्या.

६/
नदीकाठी काळ्या दगडाची एक छत्री उभी आहे. परंपरा ती मिर्झाराजे जयसिंगांची मानते. १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवून आणणारा हा सेनानी दोन वर्षांनी बुऱ्हाणपुरास वारला. ती छत्रीच्या कमानीखाली बराच वेळ बसली. तो नदीकडे पाहत होता. ज्याच्यासमोर शिवरायांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्याची ही आठवण त्याच्या घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर होती आणि शाळेच्या एकाही सहलीने त्याला येथे आणले नव्हते.

७/
शनिवारी ते उलट दिशेने, तेल्हाऱ्याकडून अडगावला गेले. वाटेत वान नदी ओलांडावी लागते. सातपुड्यातून उतरणाऱ्या या नदीवर वारी भैरवगडजवळ हनुमान सागर हे धरण आहे आणि खारपाण पट्ट्यातील अनेक गावांची तहान आज त्याच पाण्यावर भागते. उपनदीने मुख्य नदीच्या काठाला गोडे पाणी पुरवायचे, हा जुना हिशेब नळाच्या रूपाने आजही चालू आहे.

८/
अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभी राहिली. भोसल्यांकडून रघूजी (दुसरे) यांचे बंधू व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, नेतृत्व करीत होते आणि सोबत शिंद्यांचे घोडदळ होते. दिवस कलताना लढाई सुरू झाली. मराठी तोफांच्या पहिल्याच माऱ्यात कंपनीच्या काही पलटणी मागे फिरल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः सावरून पुन्हा उभे केले. पुढे भोसल्यांची फळी फुटली, ३८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या आणि पाठलाग चांदण्यात चालू राहिला. हाच वेलस्ली १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा होता. तेथील रणभूमीला जगभरातून लोक भेट देतात. अडगावात त्या दिवशी कपाशीची शेवटची वेचणी चालू होती.

९/
या लढाईनंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. नदी येथे राज्याची सीमा झाली. पुढे १८५३ मध्ये, हैदराबादच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. शेतकऱ्याच्या वावराचा मालक बदलला नाही, पण सारा कोणाला द्यायचा हे पन्नास वर्षांत दोनदा बदलले.

१०/
त्यानंतर नद्यांचे राज्यच संपले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि वऱ्हाडच्या कपाशीचे भाव चढले. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव आणि अकोला ही नावे आता स्थानकांची झाली. १८७० मध्ये खास कापसासाठी जलंबहून खामगावला फाटा काढण्यात आला. रेल्वेला उतार आणि गोडे पाणी यांपेक्षा सपाट जमीन आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने महत्त्वाचे वाटले. बाळापूर मात्र या मार्गाच्या बाजूला राहिले आणि त्याचे तेज मंदावले. मिसिसिपीच्या काठी हेच घडले होते. १८५६ मध्ये रॉक आयलंड येथे त्या नदीवर पहिला रेल्वेपूल झाला आणि आगबोटींवर पोसलेली बंदरगावे हळूहळू मागे पडली. रस्ता बदलला की गावाचे नशीब बदलते, हा नियम वऱ्हाड आणि अमेरिका या दोघांना सारखाच लागू पडला.

११/
रविवारी ते पूर्णेच्या शेवटापर्यंत गेले. नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर आणि चांगदेव. येथे पूर्णा तापीत विसर्जित होते आणि संगमाजवळ चांगदेवाचे प्राचीन देऊळ उभे आहे. तेथून पुढे तापीकाठी बुऱ्हाणपूर. पूर्णेने जे शहर कधी वसू दिले नाही, ते तापीने वसू दिले. खानदेशच्या फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगलांच्या दख्खन सुभ्याची ही राजधानी. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथेच चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. तिला प्रथम नदीपलीकडे जैनाबादेत पुरले होते आणि त्यानंतर तिचा देह आग्ऱ्यास नेण्यात आला.

१२/
दोघांचा सर्वाधिक वेळ गेला तो कुंडी भंडाऱ्यापाशी. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे भूजल भुयारी मार्गाने शहरापर्यंत आणले गेले. वाटेत हवा आणि दुरुस्ती यांसाठी शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या. इराणातील कनात पद्धतीची ही योजना. लिफ्टने खाली उतरून तो त्या अरुंद बोगद्यात उभा राहिला. पायांशी चारशे वर्षांपूर्वीच्या वाटेने आजही वाहणारे स्वच्छ पाणी होते. सातपुडा हाच, पाऊस हाच. त्याच्या गावची विहीर मात्र खारट होती. फरक होता तो पाणी कोठे अडते आणि कोणी ते जपून आणते, याचा.

१३/
परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "तुमचं वावर पुरानं नेलं असं सगळे म्हणतात. पण ही काळी माती आली कुठून? ती नदीनंच आणून टाकली ना?" भूगोलाचा हा पहिला धडा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळा थर हा हजारो वर्षांच्या पुरांनी वाहून आणलेला गाळ आहे. सासऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचा बुढाबी असंच म्हने. नदीनं आनलं, नदीनं नेलं. पन पुन्हा आनाले तिले हजार वर्सं लागतीन, माह्यापाशी तेवढी नाहीत."

१४/
त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणूनच तो निर्णय भावनेवर झाला नाही. राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. धरणात साचलेला गाळ शेतकऱ्याने वावरात नेऊन टाकायचा. खर्चाचा हिशेब वहीत मांडला गेला: ट्रॅक्टरचे भाडे, डिझेल, मजुरी आणि दोन वर्षांचे कमी उत्पन्न. गिऱ्हाइकाचा भाव शेजारी लिहिला गेला. विक्रीची रक्कम हातात जास्त दिसत होती. पण मुरूम उघडा पडलेल्या जमिनीचा तो भाव होता. गाळ पडल्यानंतर तीच जमीन तेवढ्यात कोणी दिली नसती. रविवारी रात्री वडिलांनी गिऱ्हाइकाला नकार कळवला आणि गाळाच्या निम्म्या खर्चाची जबाबदारी मुलाने आणि सुनेने घेतली.

१५/
पूर्णेकाठी शहर नाही, कारण तिच्या काठाने माणसाला जमीन दिली, पण गोडे पाणी दिले नाही. म्हणून सुभेदार उपनद्यांकडे गेले, फौजा गेल्या, नंतर रेल्वेही आपल्या वाटेने गेली. मागे राहिले ते शेतकरी आणि बाजारगावे. किल्ला नसलेल्या या गावांनीच बाळापूरच्या छावणीला धान्य पुरवले, खामगावच्या गाठींना कापूस दिला आणि तीन राजवटींना सारा भरला. वरवट बकाल हे त्यांपैकी एक गाव. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या चार एकरांत धरणाचा गाळ पडला. पेरणी जूनच्या अखेरीस झाली. पीक पूर्वीइतके आले नाही, पण मुरूम पुन्हा झाकला गेला.