या वयातलं घर

साठी ओलांडलेल्या बाईनं नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं, की जो तो एकच विचारतो, "या वयात?" माझ्या मोठ्या जाऊबाईंनीही तेच विचारलं. "अगं, एवढी वर्षं काढलीस. आता राहिलीत किती?" त्यांच्या विचारण्यात माया होती. मी म्हटलं, "वहिनी, थोडी राहिलीत म्हणूनच."

आमच्याकडे मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, बाहेरची भानगड नव्हती. त्यामुळे लोकांना कारण सापडेना. खरं तर आमच्यातलं बोलणंच केव्हाचं आटलं होतं. मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं, घराचे हप्ते, एवढ्यापुरतं जे बोलणं व्हायचं, तेही सासूबाई गेल्यावर आणि मुलं परगावी गेल्यावर थांबलं. ते हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत. वकीलबाईंनी सांगितलं, की पती-पत्नी म्हणून न राहणं हेच कायद्याच्या लेखी वेगळं राहणं, मग छप्पर एक का असेना. सर्वोच्च न्यायालयानं 1991 सालीच तसं म्हटलंय. तेव्हा लक्षात आलं, की आम्ही वेगळे झालो त्याला बरीच वर्षं लोटली होती, अर्जच तेवढा करायचा राहिला होता.

हा अर्ज दोघांनी मिळून करता येतो, याचं मोल मला फार वाटतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची तरतूद नव्हती, ती 1976 साली आली. त्याआधी दोघांपैकी एकाला कोर्टात दोषी ठरवावं लागे. चार दशकं एका ताटातलं खाऊन शेवटी एकमेकांवर चिखल उडवायची आमच्यापैकी कुणाचीच इच्छा नव्हती. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात बाकावर बसले असताना मला रखमाबाईंची आठवण यायची. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम त्यांना 1887 साली मुंबईच्या उच्च न्यायालयानं दिला होता. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. देशभरातल्या हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला तो 1955 साली, आणि त्याच वर्षी रखमाबाई गेल्या. माझी सही दोन मिनिटांत झाली, पण तिच्यामागे एवढा काळ उभा होता.

सामानाच्या वाटणीची मला धास्ती होती. पण आमच्या पिढीच्या लग्नात आहेराच्या भांड्यांवर नावं घालून आणायची रीत होती, ती कामाला आली. ते चष्मा लावून स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि एकेक भांडं उजेडात तिरकं धरून वाचू लागले. पितळी पातेल्याच्या काठाखाली 'चि. सौ. कां.', मग माझं नाव, मामांचं नाव आणि लग्नाची तारीख. घासून घासून अक्षरं बुजत आली होती. "हे तुझ्या मामांकडचं," म्हणत त्यांनी ते माझ्या बाजूला सरकवलं. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. देव्हाऱ्यापाशी तर कुणी कुणाला काही विचारलंही नाही. गौरीहर पुजताना आईनं दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मी घेतले. टाक त्यांच्या कुळाचे, ते तिथेच राहिले. स्त्रीधन बाईचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली निःसंदिग्ध सांगितलंय. आमच्या घरात ते न सांगता पाळलं गेलं, याचा मला आजही आनंद आहे.

घराचं मात्र तसं नव्हतं. फ्लॅट त्यांच्या नावावर. हप्ता त्यांच्या पगारातून जायचा; किराणा, दूध, मुलांच्या फिया माझ्या शाळेच्या पगारातून. हप्त्याची नोंद बँकेत राहिली, दुधाची कुठेच राहिली नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, निम्मी निम्मी. घाट उतरून पलीकडे गेलं की बाईच्या वाट्याचा प्रश्नच वेगळा होतो. इकडे कोर्ट पोटगी ठरवू शकतं, पण संसारात उभ्या राहिलेल्या घरात बायकोचा निम्मा वाटा आपसूक धरला जात नाही.

उतारवयात या गोष्टी जास्त झोंबतात. पुन्हा कमवायची वर्षं उरलेली नसतात. घटस्फोट झाला की नवऱ्यामागची फॅमिली पेन्शन नाही, वारसाहक्क नाही. त्यांच्या पॉलिसीतून नाव गेलं की साठीनंतर नवा मेडिक्लेम महाग पडतो. माझ्याजवळ स्वतःची पेन्शन होती, म्हणून मला घर शोधता आलं. एजंट विचारायचे, "मिस्टर काय करतात? एकट्याच राहणार?" शेवटी एका जुन्या सोसायटीत वन-रूम-किचन मिळालं. करार अकरा महिन्यांचा. 1999 च्या भाडे कायद्यानुसार तो नोंदवावाच लागतो. करारवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. नाव माझं, पॅन माझं, फोटो माझा, अनामत रकमेचा चेक माझा. आधी वडिलांच्या घरात राहिले, मग नवऱ्याच्या. माझ्या एकटीच्या नावानं झालेला राहत्या जागेचा हा पहिला कागद.

एकटेपणा आहे. एका माणसापुरता भात लावायला शिकावं लागलं, आणि तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर काय करायचं हे रोज नव्यानं ठरवावं लागतं. मुलगी फोनवर रडली. "आई, आता माझं माहेर कुठलं?" तिला म्हटलं, दोन्हीकडे यायचं. ती दिवाळीत आली, आधी त्यांच्याकडे राहिली, मग माझ्याकडे. माझ्या लहानशा खोलीत आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो.

वय झालेल्या माणसाला दोन वेळचं जेवण, औषधपाणी आणि डोक्यावर छप्पर मिळालं की पुरे, असं आपण धरून चालतो. मला ते मान्य नाही. साठीनंतरही वीस-वीस वर्षं हिंडतीफिरती माणसं आपण रोज पाहतो. ती वर्षं नुसती ढकलायची नसतात. ज्यांचं जुळतं त्यांनी सुखानं एकत्र राहावं. तसं म्हातारपण लाभणं हे भाग्यच. पण जायला दुसरी जागा नाही म्हणून राहिलेल्या किती बाया त्या सुखी संसारांत मोजल्या जातात, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना मी सांगते, घर घ्याल तेव्हा कागदावर दोघांची नावं घाला. त्यानं संसार मोडत नाही. निघून जाण्याची सोय असूनही बाई राहिली, तर ती मनानं राहिली असं तिला स्वतःला आणि नवऱ्यालाही खात्रीनं म्हणता येतं.