पाटणादेवीच्या पुढे थोडे चला

चाळीसगाव तालुक्यातली पाटणादेवी तुम्हाला नवी नाही. नवरात्रात गेला असाल, नवस फेडायला गेला असाल, भावकीतल्या कुणाच्या जावळाला गेला असाल. दर्शन झाले, झाडाखाली बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला, मुलांनी माकडांच्या उड्या पाहिल्या, की मंडळी परतीच्या गाडीची वाट बघू लागतात. मी स्वतः कितीतरी वेळा असाच माघारी आलो. म्हणून यंदा तुम्हाला एक विनंती आहे. देवळाशी थांबू नका. नदीचा काठ धरून थोडे पुढे चला. वर डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेला एक निवारा आहे. पितळखोरे त्याचे नाव.

चाळीसगावाहून पाटणादेवी अठरा-एक किलोमीटर. सातमाळ्याच्या डोंगराची भिंत समोर दिसू लागली की केळी, ऊस, लिंबाच्या बागा मागे पडतात. १९८६ साली हा सारा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आला. तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, आणि देवळाच्या पुढे डोंगरात जायचे असेल तर तिथलाच माहितगार माणूस बरोबर घ्यायचा. रानात बिबट्या आहे. घाबरून जाऊ नका, पण एकटेदुकटेही जाऊ नका.

निघण्याआधी देवीच्या देवळाबद्दल एक गोष्ट सांगतो. इथे एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ च्या सुमारास विद्वानांपुढे मांडला. लीलावती लिहिणारे गणिती भास्कराचार्य तुम्ही ऐकले आहेत. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे एक मठ काढला. इथले निकुंभ सरदार सोइदेव यांनी शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या दिवशी त्या मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मला त्या ओळींचे अप्रूप वाटते, कारण त्यात बाजाराचा हिशोब आहे. पाटणच्या पेठेत विकायला आलेल्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला. धान्य मठाच्या मापाने मोजायचे, मापणावळीचा अर्धा वाटा मठाला आणि अर्धा मापाऱ्याला. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. म्हणजे गणिताची ती शाळा एकट्या राजाच्या तिजोरीवर चालली नाही. तेल्याच्या पळीवर आणि शेतकऱ्याच्या पायलीवर चालली. मठ आज उभा नाही, हिशोब मात्र दगडावर राहिला.

आता नदी धरा. ही डोंगरी नदी. चाळीसगावात ती तितूरला मिळते, तितूर गिरणेला, गिरणा तापीला. म्हणजे तुम्ही खाली कुठल्याही काठावर शेती करत असा, या पाण्याशी तुमचे नाते आहे. काठाची वाट सोपी आहे. दहा वर्षांचे पोर आणि साठीतली आजी दोघांनाही झेपेल. सावली पळसाची, धावड्याची, सालईची. पावसाळा ओसरताना सीताफळाची झुडपे फळांनी लगडलेली दिसतात. तोडू नका, ती रानातल्या जनावरांची आहेत. उजेड चांगला असला तर दगडाखालच्या पाण्यात मासोळ्या दिसतात. धवलतीर्थाच्या धबधब्याकडे जाणारी वाट हीच. भाद्रपद-आश्विनात गेलात तर पाण्याचा आवाज लांबूनच येतो. पाऊस चालू असेल त्या दिवशी मात्र नदीच्या पात्रात मुळीच उतरू नका. का, ते पुढे सांगतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथेच बसावे, डबा सोडावा. इथून वर चढ आहे आणि तो दमवतो. चढायचे नसेल आणि लेणी तर पाहायचीच असतील, तर दुसरा मार्ग आहे. कन्नडच्या बाजूने गाडी वर पठारावर जाते आणि पायऱ्यांनी खाली दरीत उतरता येते. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांनी तोच मार्ग धरावा.

पण या आडरानात, दरीच्या कड्यात लेणी खोदली कुणी आणि कशासाठी? याचे उत्तर शेतातच आहे. बौद्ध भिक्षू पूर्वी बाराही महिने गावोगाव फिरत. बुद्ध राजगृहाला असताना लोकांनी कुरबुर केली. हे भिक्षू भर पावसाळ्यात हिंडतात, कोवळी हिरवळ तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून बसतात आणि हे कसे बसत नाहीत, अशी ती तक्रार होती. विनयपिटक या ग्रंथात ही हकीकत आहे. तेव्हा बुद्धांनी नियम घातला की पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. त्याला वर्षावास म्हणतात. मग पावसात राहायला जागा हवी झाली, आणि पुढे आपल्या डोंगरांत अशी लेणी होत गेली. उगवण झालेल्या रानातून कुणी आडवा गेला तर आपल्याला कसे होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. पितळखोऱ्याच्या मुळाशी तीच तक्रार आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथले काम सुरू झाले. देशातल्या फार जुन्या लेण्यांत यांची गणना होते. पैठणहून खानदेशात उतरणारी व्यापाराची वाट याच डोंगरातून जात होती, आणि दान देणारेही त्याच वाटेवरचे. खांबावर पैठणच्या मितदेवाचे नाव आहे, तो सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातला. मगिल नावाच्या राजवैद्याचे दान आहे. त्याच्या मुलाचे वेगळे आणि मुलीचे वेगळे दान आहे. मुलीचे नाव दगडावर स्वतंत्र कोरावे, असे त्या काळी वाटले, हे घरी मुलींना जरूर सांगा. इथे डोक्यावर पात्र धरलेला, हसऱ्या तोंडाचा, ढेरपोट्या यक्ष सापडला. त्याच्या हातावर लिहिले आहे की हा कान्हदास सोनाराने घडवला. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

लेण्यांपुढे पहिल्यांदा उभे राहिलात की मन थोडे खट्टू होईल. बरीचशी दर्शनी बाजू कोसळलेली आहे. विहाराच्या पायथ्याला ओळीने कोरलेले हत्ती आहेत, तेही झिजलेले. इथला खडक ठिसूळ. त्यात पाणी मुरते आणि मुरलेले पाणी खडक आतून सोडवते. खोदणाऱ्या कारागिरांना हे कळले नव्हते असे समजू नका. आत झिरपणारे पाणी बाहेर काढायला त्यांनी खडकातून चर आणि बोगदे कोरले. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या फण्यांना भोके आहेत आणि मागे खडकात पाणी येण्याची सोय. पाऊस पडला की नागाच्या तोंडातून पाणी उडावे, अशी ती योजना. मी हे सौभाग्यवतींना मोठ्या थाटात समजावून सांगत होतो. त्यांनी भोकांत बोट घालून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे ही पन्हळच की! आपल्या धाब्याच्या घराला असते तशी."

मला मात्र त्या नागापुढे माझी एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात नालाबांध माझ्या देखरेखीखाली झाला. पाणी जास्त साठावे या हौसेने मी सांडवा अरुंद ठेवायला लावला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले होते, "साहेब, पाण्याला जायला जागा ठेवा, नाहीतर ते आपली जागा करते." मी बीएस्सी झालेला, त्याचे कशाला ऐकतो! दुसऱ्याच पावसाळ्यात बांध कुशीतून फुटला आणि खालच्या दोन शेतांची माती धुऊन गेली. त्यातले एक शेत त्या म्हाताऱ्याचेच होते. त्याने मला एक शब्द ऐकवला नाही. पुढच्या वेळी गेलो तर चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

पाऊस चालू असताना पात्रात उतरू नका म्हणालो, त्याचे कारण २०२१ चा ऑगस्ट. महिन्याच्या अखेरीला, ३० आणि ३१ तारखेच्या रात्री, या डोंगरात प्रचंड पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. डोंगरी आणि तितूर एकदम फुगल्या आणि चाळीसगावात घराघरांत पाणी शिरले. नदीकाठच्या गावांत दावणीला बांधलेली जनावरे बुडाली, उभी कपाशी गाळाखाली गेली. पंचनाम्यांना मीही हिंडलो. ज्या शेतांत बांध होते, त्याहून अधिक म्हणजे बांधाला नीट सांडवे होते, तिथे माती पुष्कळ राहिली होती. जिथे ओढ्याचे पात्र नांगरून वावरात घेतले होते, तिथे नदीने ते परत घेतले. लेण्यांच्या वर पठारावर उभे राहून खाली पाहिलेत तर हे सगळे एका नजरेत दिसते. माथ्यावरचे रान, दरी, नदी, आणि पार खाली तुमची शिवारे.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. प्यायचे पाणी घरूनच न्या. कड्याला आग्यामोहळे असतात, तेव्हा बिडी-काडी, धूर, फटाके काही नको. चैत्यातल्या खांबांवर नंतरच्या काळातली चित्रे आहेत, अजिंठ्याच्या धर्तीची, आता फार पुसट झालेली. त्यांना हात लावू नका, आणि शेजारी आपले नाव कोरायचा मोह पोराला झाला तर त्याचा कान धरा. दुपार कलायच्या आत परत फिरा, म्हणजे उन्हे असताना देवळाशी पोचाल. जायला बरा काळ म्हणजे खरिपाची धांदल ओसरून वेचणी सुरू व्हायच्या आधीचे आठ-दहा दिवस. दिवाळीत लेकी-जावई घरी आलेले असतात, तेव्हा सगळे मिळूनही निघता येईल. मार्गशीर्षानंतर पाणी आटत जाते आणि नागाची भोके नुसती कोरडी दिसतात.