वारूळवाडीचे पाणी आणि पोहण्याचा हक्क

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरले की नारायणगाव कुठे संपले आणि वारूळवाडी कुठे सुरू झाली हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. दोन्ही गावे एकमेकांना चिकटून वाढली आहेत. मीना नदीचा काठ, द्राक्षबागा, टोमॅटोचे क्रेट भरून बाजाराकडे निघालेल्या पिकअप गाड्या, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी नव्या इमारती. नारायणगाव म्हटले की लोकांना तमाशाच्या राहुट्या आणि विठाबाई आठवतात. शिकलेल्यांना जवळच्या खोडदची मोठी दुर्बीण आठवते. आम्हाला मात्र या मुलखात आलो की पहिल्यांदा पाणी दिसते.

कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नरमध्ये आणि डिंभे आंबेगावमध्ये. येडगावचा डावा कालवा शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे पाणी नेतो. त्याखेरीज विहिरी आणि अलीकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. ज्या भागात एवढे पाणी आहे, तिथल्या मुलांना पोहता येत असेल असे कोणालाही वाटेल. पण आपल्या वस्त्यांत जाऊन विचारा. चाळीस मुलांत हात वर करणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी निघतात आणि मुली तर नाहीतच.

म्हणूनच एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. वाढत्या गावांत हल्ली बाग, व्यायामशाळा यांच्याबरोबर "गावाला तरणतलाव पाहिजे" अशी मागणी निघते. वारूळवाडीसारखी ग्रामपंचायत असो, जुन्नरसारखी लहान नगरपरिषद असो, तिने सार्वजनिक पैसा अशा तलावावर घालावा का?

वस्तीतल्या एका बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा एक मावशी फटकन म्हणाल्या, "दादा, उन्हाळ्यात हंडा भरेस्तोवर आमचा जीव जातो, आन् तुमी पोहायच्या गोष्टी काढता?" त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "मावशी, पोहायला जाणारी माणसं आजही जातातच. तासाचे पैसे भरतात आणि रिसॉर्टमध्ये जातात. आपणच तेवढे जात नाही." त्याचेही खरे होते. दोन्ही खरे असले की भांडण न करता हिशेब मांडावा लागतो. आमचा पेशा कारकुनाचा, त्यामुळे हिशेबाला आम्ही घाबरत नाही. पण त्याआधी वाचकांना जुन्नरच्या एका डोंगरावर नेतो.

वारूळवाडीहून जुन्नर पंधरा-सोळा किलोमीटर. विहारातल्या काही कुटुंबांना बरोबर घेऊन आम्ही गावाच्या दक्षिणेकडच्या मानमोडी डोंगरावर गेलो. लेण्याद्रीला सगळेच जातात. मानमोडीला मात्र माणूस तुरळक. (जाणाऱ्यांनी गोंगाट करू नये. आग्या मोहोळाची पोळी असतात.) जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी कोरलेली आहेत. भिक्खूंच्या खोल्या, चैत्यगृह, बसायचे बाक हे तर आहेच, पण जवळपास प्रत्येक ठिकाणी कातळात खोदलेले पाण्याचे टाके दिसते. शिलालेखांत त्याला शब्द आहे 'पोढी'.

मानमोडीच्या भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. वर्ष ४६ मध्ये त्याने मंडप आणि पोढी दान दिली, असे त्यात नोंदले आहे. हा लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दोन पोढी दिल्या आहेत. राज्याचा अधिकारी, व्यापाऱ्यांची संघटना आणि परका माणूस, तिघांनीही खर्च केला तो दुसऱ्यांच्या पाण्यासाठी. खर्च कोणी केला आणि कशावर केला, हे दगडावर कोरून ठेवले. आजच्या भाषेत सांगायचे तर जमाखर्च भिंतीवर लावला.

आमच्याबरोबरच्या एका लहानग्याने टाक्यात डोकावून विचारले, "काका, यात पोहता येतं का?" आम्ही सांगितले, "नाही बाळा, हे पिण्याचं." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "मग पोहायचं कुठं?" याचे उत्तर आमच्या पिढीकडे नव्हते आणि त्याच्या आजोबांच्या पिढीकडे तर नव्हतेच.

खेड्यात पोहणे शिकवायला कधी तरणतलाव लागला नाही, असे काही लोक सांगतात. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि मुलाला विहिरीत सोडायचे, की आठ दिवसांत पोरगा तरबेज. खरे आहे. पण विहीर कोणाची? ज्याची जमीन त्याची विहीर, आणि ज्याची विहीर त्याच्या मुलाला पोहणे. ज्यांना त्या पाण्याला शिवण्याचीही बंदी होती, ज्यांना वरून ओंजळीत ओतलेले पाणी प्यावे लागे, त्यांच्या मुलांनी भोपळा कोणत्या विहिरीत बांधायचा होता? पोहता न येणे हा आपल्या अंगातला दोष नव्हे. जसे अक्षर आपल्यापासून दूर ठेवले, तसेच पाणीही ठेवले. बंदी कायद्याने गेली, पण आईबापांना येत नाही म्हणून मुलांना येत नाही, ही साखळी अजून तुटलेली नाही.

आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. ५ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये बुडणे हे मृत्यूचे तिसरे मोठे कारण आहे. आपल्या देशात २०२२ सालच्या सरकारी नोंदीत हा आकडा ३८ हजारांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला, तो उगाच नव्हे.

शेततळे तर फसवे असते. काठ उतरता, त्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर शेवाळ. पाय घसरला की धरायला काहीच सापडत नाही आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येणे जड जाते. कालव्याच्या सिमेंटच्या भिंतीचेही तेच. मजुरीला गेलेल्या आईबरोबर बांधावर खेळणारे मूल, धुणे धुवायला गेलेली मुलगी, मोटर चालू करायला गेलेला सालगडी यांना पाण्याजवळ जाणे टाळता येत नाही. रिसॉर्टमध्ये पोहणाऱ्याला पाणी ही हौस आहे. आपल्या माणसाला पाणी हे कामाचे ठिकाण आहे. म्हणून पोहणे ही चैन आहे हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

आता हिशेब. स्पर्धेचा मोठा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरला, तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे माप माणशी दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे ते ४५ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. लहान गावाने असल्या तलावाचे नावही काढू नये. पण मुलांना शिकवायला एवढा तलाव लागतच नाही. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि तीन फूट खोल हौद घेतला तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजारी साडेसहा टँकर. ते रोज बदलायचे नसते. गाळणी यंत्रातून फिरवून, क्लोरीन टाकून तेच वापरतात. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले तरी भर घालावी लागते ७२० लिटरची.

खरी मेख पुढे आहे. बांधकाम हा भांडवली खर्च. त्याला कुठून तरी निधी मिळतो, नारळ फुटतो, पाटी लागते. पण वीजबिल, क्लोरीन, गाळणीची दुरुस्ती, शिकवणारा आणि काठावर डोळ्यात तेल घालून उभा राहणारा जीवरक्षक हा खर्च दरवर्षीचा आहे. त्याची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर दोन वर्षांत तलाव कोरडा पडतो. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात आवश्यक कामे आणि ऐच्छिक कामे अशी वाटणी आहे. पिण्याचे पाणी, गटार, दिवाबत्ती आवश्यकमध्ये येतात. तेव्हा मावशींचा हंडा आधी, हा क्रम सोडता येणार नाही. ग्रामपंचायतीला तिच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात. सगळ्या गावासाठी असलेला तलाव आपल्या १५ टक्क्यांतून बांधला, असे कोणी दाखवू लागले तर ग्रामसभेत तिथल्या तिथे हात वर करून विचारले पाहिजे.

पैसा नसेल तर काहीच करू नये का? बांगलादेश हा आपल्याहून श्रीमंत देश नाही. तिथे गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण आणि कठडे बांधून, खोली मर्यादित करून, हजारो मुलांना पोहायला शिकवले गेले. तलाव बांधता येत नसेल त्या पंचायतीने शिकवण्यावर पैसा घालावा. प्रत्येक शेततळ्याभोवती कुंपण, आत सोडलेला गाठींचा दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब एवढे तरी असावे. घरोघरी मुलांना सांगून ठेवा की कोणी बुडत असेल तर स्वतः उडी मारू नये. दोर, साडी, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि ओरडून माणसे जमवावीत.

परंतु मुख्य मुद्दा पैशाचा नाही. तलाव झाला तर त्यात उतरणार कोण? नगरपालिका आणि पाणी या विषयावर आपल्या समाजाइतका अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे एकही अस्पृश्य त्या काठावर गेला नाही, जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाण्याला हात लावला, तेव्हा तो ठराव खरा झाला. पुढे काय झाले? माणसांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहर आहे. तिथे नगरपालिकेचे पाच तरणतलाव होते, चार गोऱ्यांसाठी आणि एक काळ्यांसाठी. हा भेद चालणार नाही असे न्यायालयाने ठरवल्यावर १९६३ साली नगरपालिकेने काय करावे? काळ्यांना आत घेण्याऐवजी चार तलाव बंद केले आणि भाड्याने घेतलेला पाचवा सोडून दिला. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे बंद करणे वैध ठरवले. सर्वांचे होणार असेल तर कोणाचेच नको, हा विचार महाडात होता आणि जॅक्सनमध्येही होता.

आज दारावर जातीची पाटी कोणी लावणार नाही. पण फी लावता येते. पोहण्याचा विशिष्ट पोशाख सक्तीचा करता येतो. तलाव ठेकेदाराला देऊन सभासदत्व ठेवता येते. वेळ अशी ठेवता येते की मजुराच्या मुलाला येता येऊ नये आणि मुलींना तर मुळीच नाही. पाटी न लावताही दार बंद राहते.

म्हणून आमचे मत असे. नळ पोचलेल्या गावाने मुलांना शिकवण्याचा लहान हौद सार्वजनिक पैशाने जरूर करावा, पण अटी घालून. जिल्हा परिषदेच्या शाळेतील प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण. मुलींसाठी वेगळा वेळ आणि शिकवायला बाई. पाच वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद आधी, नारळ नंतर. तलाव ठेक्याने द्यायचा नाही. आणि कोणत्या वस्तीतील किती मुले शिकली याची नोंदवही ग्रामसभेत वाचायची. या अटी मान्य नसतील तर तो तलाव गावाचा नाही, काही घरांचा आहे, आणि त्यावर गावाचा पैसा घालू नये.

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो. विहारात रविवारी येणाऱ्या माता-भगिनींनी त्या सभेला जावे, हौदाचा आणि हंड्याचा प्रश्न एकाच अर्जात लिहून द्यावा व अर्जाची पोच घ्यावी. आणि ज्या दिवशी असा हौद कुठल्याही गावात खुला होईल, त्या दिवशी आपली मुले घरी ठेवू नयेत. ठराव कागदावर राहतो. पाणी सर्वांचे होते ते त्यात उतरल्यावर.