खिडकी बदलताना...

‘हा पीसी विंडोज ११ साठीच्या किमान अटी पूर्ण करत नाही.’

सकाळी नऊ वाजता, चहाचा पहिला घोट घेताना, आपल्या इमानदार लॅपटॉपबद्दल असं काही वाचायला मिळालं तर कसं वाटेल? मला तर पत्रिका बघून स्थळाने नकार कळवल्यासारखं वाटलं. माझा लॅपटॉप २०१७चा. दोन अक्षरांवरचा रंग उडालाय, चार्जरला सेलोटेप आहे, पण बिचाऱ्याने आजवर माझी एकही डेडलाइन चुकवलेली नाही. आणि आता म्हणे त्याचा प्रोसेसर जुना!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट्स थांबले. वर्षभर मुदत वाढवून घ्यायची सोय ठेवली होती, पण ती म्हणजे घरमालकाने दिलेली अकरा महिन्यांची मुदत. शेवटी जावं लागणारच. विंडोज ११ला हवी टीपीएम २.० नावाची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर. म्हणजे नवा लॅपटॉप. फ्रीलान्स जर्नलिस्टच्या बँक बॅलन्सबद्दल इथे काही न बोललेलंच बरं. तीन महिन्यांपूर्वीच्या लेखाचे पैसे आले की मी पार्टी देते, यावरून काय ते समजा.

माझ्या फ्लॅटमेटचा मात्र एकच फंडा. ‘लिनक्स टाक आणि मोकळी हो!’ गेली दोन वर्षं ती हे म्हणत होती आणि गेली दोन वर्षं मी कानाआड करत होते. लिनक्स म्हणजे काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करणाऱ्या चष्मिष मुलांचं काम, असा माझा ठाम समज. तिने मला शुक्रवारी रात्री बसवलं, पेन ड्राइव्ह लावला आणि पाऊण तासात लिनक्स मिंट सुरू. खाली डावीकडे मेनू, ओळखीचं घड्याळ, ओळखीचा ब्राउझर. लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१मध्ये ‘छंद म्हणून करतोय’ असं सांगून जे सुरू केलं, त्याच्यावर आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही चालतो, हे ऐकून तर मी गारच झाले. म्हणजे लिनक्स मी कधीपासूनच वापरत होते, फक्त ओळख नव्हती!

आणि मग मला चढली हवा. माणसाला काही नवीन जमलं की तो दुसऱ्याला शिकवायला निघतो, तसंच. पहिला बकरा ठरला, आप्पा.

दिवाळीला पुणे-शहादा रातराणी पकडली. माझं घर नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला. आप्पा धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. सातपुड्यातल्या त्या शाळेत पहिलीत येणारी मुलं घरी पावरी बोलायची, पुस्तक मराठीतलं आणि आप्पांची बोली अहिराणी. वर्गात तिघांनी तीन दिशांना बसावं तशी गत. म्हणून आप्पांनी वही घातली. झाडं, नाती, अवयव, भांडी, पाऊस... मुलं जो शब्द बोलतील तो डावीकडे, मराठी उजवीकडे. २००४च्या सुमाराला घरी पहिला कम्प्युटर आला तेव्हापासून ही वही टाइप व्हायला लागली. टायपिंगची परीक्षा दिलेले आप्पा रविवारी सकाळी बसायचे ते आई जेवायला ओरडेपर्यंत. मशीन मधे एकदा बदललं, शब्द मात्र वाढत वाढत तीन हजारांच्या वर गेले.

घरचा पीसी माझ्या लॅपटॉपहूनही म्हातारा. त्यालाही नकार येणार हे उघड होतं. मी शहाण्यासारखी आप्पांची सगळी डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर घेतली, तीनदा मोजली, हार्ड डिस्क पुसली, मिंट टाकलं. आई म्हणाली, ‘दिवाळीत घर झाडतात गं, कम्प्युटर नाही.’ मी हसले.

संध्याकाळी आप्पांनी फाइल उघडली. स्क्रीनवर शब्द नव्हतेच. टोप्या घातलेली रोमन अक्षरं, पौंडाची खूण, अर्धवट कंस, उलटी प्रश्नचिन्हं. पानामागून पान तेच. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मना शब्द कोठे ग्यात?’

ओरडले असते तर बरं झालं असतं हो!

फ्लॅटमेटला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, ‘फॉन्ट घेतलास का?’ नाही घेतला. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहतो, डॉक्युमेंट्समध्ये नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. आणि ते फोल्डर मी सकाळीच पुसलं होतं.

त्या रात्री मला जे कळलं, ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्याही घरी अशी एखादी फाइल असणार. नव्वदच्या दशकात कम्प्युटरच्या एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खण असायचे आणि ते रोमन अक्षरांसाठी ठरलेले. मराठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याच खणांत देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे रफार. कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणजे आप्पांनी वीस वर्षं जे टाइप केलं, ते कम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच मुळी. रोमन अक्षरांनी मराठी मुखवटे घातले होते. मुखवटा गेला आणि खालचा चेहरा दिसला.

युनिकोडने यावर उपाय केला. प्रत्येक अक्षराला एकच नंबर, जगात कुठेही, कुठल्याही मशीनवर. त्याची पहिली आवृत्तीही १९९१चीच, म्हणजे लिनक्सची जुळी बहीण. विंडोज २०००मध्ये युनिकोड मराठी आली ती ‘मंगल’ या फॉन्टमधून. ज्या मंगलला आपण ऑफिसात ‘किती बोअर दिसतो’ म्हणून नाकं मुरडतो, तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलाय. पण शहाद्याच्या घरात तोवर बोटांना जुनी सवय लागलेली. आणि जे चाललंय ते कोण कशाला बदलेल?

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच म्हणाले, ‘बसस्टँडजवळच्या लग्नपत्रिकावाल्याकडे जाऊ.’ त्या काकांच्या दुकानात कोपऱ्यात, हळदीकुंकवाच्या बोटांचे ठसे मिरवत, विंडोज एक्सपीचं एक मशीन होतं. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये ज्या एक्सपीचा निरोप घेतला, ती इथे अजून गणपतीच्या पावत्या छापत होती. काकांनी इंटरनेटची वायर कधीच काढून टाकली होती. ‘नवं मशीन आहे घरी. पण जुनी गिऱ्हाइकं जुन्या फाइली घेऊन येतात ना,’ काका म्हणाले आणि फाइल उघडली. एका क्लिकवर सातपुड्यातली सगळी झाडं, भांडी, मावश्या, आत्या हजर! मी लाडू खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि डोळे पुसले.

काकांनी वीस पानं छापून दिली. मग तीन संध्याकाळी मी आणि आप्पा जेवणाच्या टेबलावर. एका बाजूला छापलेलं पान, दुसऱ्या बाजूला स्क्रीनवरचा कचरा. ‘ही टोपीवाली म्हणजे काना. हा पौंड म्हणजे अर्धा ण.’ असा तक्ता तयार केला, फ्लॅटमेटने पुण्यात बसून त्याचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फटक्यात ‘किती’ची वेलांटी एकटीच हवेत लटकली आणि क तिच्यामागून चालत आला! आपण हाताने लिहितो तशी जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी पडते. युनिकोडला अक्षर आधी लागतं, वेलांटी मागून. रफाराचंही असंच उलटं. आप्पांनी लाल पेन घेतलं आणि पेपर तपासावा तशा माझ्या प्रोग्रॅमच्या चुका काढल्या. एवढे खूश मी त्यांना रिटायरमेंटनंतर पाहिलं नव्हतं.

तरी सगळं परत नाही आलं. काही पावरी उच्चार नेहमीच्या अक्षरांत बसत नाहीत, म्हणून आप्पांनी फॉन्टमधले तुकडे एकमेकांवर चढवून स्वतःच्या खुणा केल्या होत्या. त्या शंभरेक शब्दांपुढे कुठलाच तक्ता चालेना. आप्पा ते मोठ्याने म्हणायचे, मी ऐकून लिहायचे. दहा-बारा शब्दांपाशी तेही अडले. उच्चार आठवेना. मग धडगावच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लागला. तो आता स्वतः दोन मुलांचा बाप. स्पीकरवर तो शब्द म्हणत होता, मागून त्याची मुलगी दुरुस्त करत होती आणि आप्पा वहीत टिपत होते. परत तीच शाळा.

मिंट आप्पांच्या मशीनवर आहे. त्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्डही शिकून घेतला, कारण त्यातला तर्क त्यांना मास्तर म्हणून पटला. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या. क वर शिफ्ट दाबला की ख, ग वर शिफ्ट दाबला की घ. ‘अरे, ही तर बाराखडीच शे!’ विंडोज असो की लिनक्स, मांडणी तीच.

विंडोज वाईट, लिनक्स ग्रेट, असं मला म्हणायचं नाहीये. उद्या पैसे आले तर मी चकचकीत नवा लॅपटॉप घेईनही. पण खिडकी कुठलीही उघडा, त्याआधी एवढं करा. घरातल्या कपाटातली ती जुनी मराठी फाइल, आईच्या पाककृती, आजोबांचं आत्मचरित्र, सोसायटीचा इतिहास, जे असेल ते, जुनं मशीन जिवंत असतानाच उघडा आणि युनिकोडमध्ये आणून ठेवा. फाइल कॉपी झाली म्हणजे शब्द वाचले असं नसतं.

गेल्या आठवड्यात आप्पांची मेल आली. संग्रहात एक नवी नोंद. मराठी बाजूला ‘खिडकी’, पावरी बाजूला धडगावहून विचारून घेतलेला शब्द. मी लोकलच्या गर्दीत फोनवर उघडली.

वाचता आली.